दीड ते सव्वादोन

सोमवार, ३ जून

मामा,

तुझे कान संपावर गेल्यापासून फोनवर मी ‘सर्व्हर’ म्हणते आणि तू ‘सर्कस कधी आली?’ विचारतोस. म्हणून हे पत्र. शिवाय हे ऑफिसच्या मेलवर लिहिण्यासारखं नाही. ऑफिसची मेल मीच सांभाळते, त्यामुळे ती कोणाकोणाला वाचता येते हे मला पक्कं ठाऊक आहे.

तू चौतीस वर्षं ज्या इमारतीत टेलिफोनच्या बोर्डावर बसलास, तिच्याच जिन्याखालच्या खोलीत मी गेले दोन महिने बसते. दारावर ‘सर्व्हर रूम’ अशी पाटी आहे, पण आधी तिथे खराटे ठेवत असत, त्यामुळे अजूनही कोणीतरी डोकावून खराटा मागतं. मी नाही म्हटलं की मीच तो लपवलाय अशा नजरेने बघतं.

आता अडचण सांगते. मी आल्याआल्या नियम केला की सगळ्यांनी तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा. सगळ्यांनी कुरकुर करत बदलला. मोठ्या साहेबांनी २७ मेला बदलला आणि त्या दिवसापासून रोज दुपारी त्यांचं खातं लॉक होतं. पाच वेळा चुकीचा पासवर्ड पडला की सर्व्हर तासभर दार लावून घेतो, हा त्याचा स्वभाव आहे. साहेब सव्वादोनला परदेशी ग्राहकांशी फोनवर बोलून मोकळे होतात, मेल उघडायला जातात, तर दार बंद. मग मला बोलावणं येतं.

मी त्यांना हळू टाइप करायला सांगितलं. कीबोर्ड बदलला. पासवर्ड तीनदा नवा करून दिला. त्यांचा फोन तपासला, घरचा कॉम्प्युटर तपासला. सगळं शुद्ध. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साहेबांच्या मंजुरीची मेल गेल्याशिवाय गोदामातून लिफ्टचा एक स्क्रूसुद्धा बाहेर पडत नाही, हे तुला मी काय सांगणार. कुठल्यातरी इमारतीत लिफ्ट अडकून बसते आणि आमचा मेकॅनिक खाली जिन्यात बसून मंजुरीची वाट बघतो.

परवा शुक्रवारी साहेब म्हणाले, “महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही, तर मेलचं काम बाहेरच्या कंपनीला देऊ. तुमची खोली पुन्हा खराट्यांना.” माझे तीन महिने तेव्हाच संपतात. नोकरी पक्की व्हायची की नाही तेही तेव्हाच ठरणार.

मला वाटतं, कोणीतरी मुद्दाम त्यांच्या नावाने चुकीचे पासवर्ड मारतंय. साहेबांना पाण्यात पाहणारं तिथे कोण आहे, एवढं सांग.

तुझी भाची


शुक्रवार, ७ जून

खटपटे,

पत्र पोचलं. साहेबांना पाण्यात पाहणाऱ्यांची यादी करायची तर वही आणावी लागेल. त्यांच्यावर जीव असणाऱ्यांची विचारली असतीस तर पोस्टकार्डाच्या कोपऱ्यात मावली असती.

पण तू उलट्या बाजूने निघाली आहेस. आधी माणूस ठरवायचा आणि मग त्याच्यावर गुन्हा बेतायचा, हे साप म्हणून भुई धोपटणं झालं. मला तुझ्या सर्व्हरमधलं ओ का ठो कळत नाही, पण बोर्डावर दोन लाइनी एकमेकींत अडकल्या की आम्ही काय करायचो ते सांगतो. पहिली गोष्ट, वेळ लिहायची. ‘दुपारी’ ही वेळ नव्हे. नेमके किती वाजता, कुठल्या दिवशी, आणि त्याहून महत्त्वाचं, कुठल्या दिवशी होत नाही. दुसरी गोष्ट, एकेक दोरी काढून बघायची. जी काढल्यावर खरखर थांबते ती चोर.

चुकीचे पासवर्ड कोण मारतंय हे विचारू नकोस. कुठून येतात ते बघ. यंत्र खोटं बोलत नाही, कारण त्याला पगार मिळत नाही.

इकडे बरं चाललंय. गुडघा आहे तसाच. समोरच्या घरातल्या कुत्र्याने मला बहिरा समजून भुंकणं सोडलंय.

हल्ली वरच्या मजल्यावर साफसफाई कोण करतं? सहज विचारतो.

तुझा मामा


बुधवार, १२ जून

मामा,

वेळ लिहिली. तुझ्या पायाचा फोटो काढून सर्व्हरवर लावायला हवा.

सर्व्हर येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवतो, मी ती नुसती चाळत होते. आता ओळीओळीने वाचली. चुकीचे पासवर्ड रोज एक पस्तीसच्या आसपास सुरू होतात. दोन-चार मिनिटं इकडेतिकडे. शनिवार-रविवारी एकही नाही. गेल्या आठवड्यात साहेब दोन दिवस दौऱ्यावर होते, तेव्हाही एकही नाही. आणि हे सगळं आमच्याच इमारतीच्या वायफायवरून येतं. म्हणजे शत्रू बाहेरचा नाही, आतला आहे आणि नियमित कामाला येतो.

आता पुढचं ऐक. पासवर्ड मारणारा माणूस नाहीच, एक टॅब आहे. त्याच्यात साहेबांचा जुना पासवर्ड साठवलेला आहे. तो बापडा जागा होतो, जुन्या किल्लीने दार उघडायला जातो, पाचदा खटखट करतो आणि कुलूप अडकवून ठेवतो. साहेबांकडे टॅब नाही, म्हणून मी त्यांच्या सेक्रेटरीला विचारलं. तिने आधी दाराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“होता,” ती म्हणाली. “नोव्हेंबरात चोरीला गेला. त्याची बॅटरी मेलेली होती, वायर लावली की जागा व्हायचा, काढली की झोपायचा. झाडलोट करणाऱ्या किल्लीमावशींना त्याच्यापायीच उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.”

मी जुन्या नोंदी काढल्या. मामा, चोरीला गेलेला तो टॅब नोव्हेंबरापासून २७ मेपर्यंत रोज दुपारी, याच इमारतीतून, बरोबर पासवर्ड देऊन आत येत होता. कोणी बघितलंच नाही, कारण दार व्यवस्थित उघडत होतं. तक्रार दार न उघडल्यावरच येते. साहेबांनी चोरीनंतर पासवर्ड बदलला असं सगळ्यांना सांगितलं होतं. बदललाच नव्हता.

आणि किल्लीमावशींनी तर नोव्हेंबरानंतर या इमारतीत पाऊल टाकलेलं नाही. मी हे साहेबांना सांगायला गेले. ते म्हणाले, “मग आतल्या कोणालातरी विकला असेल. त्या खोलीत त्यांच्याशिवाय कोणी गेलंच नव्हतं. रजिस्टर बघा.”

मी रजिस्टर बघितलं. साहेबांच्या केबिनच्या मागची आतली खोली, सकाळी आठ, किल्ली घेतली, किल्ली परत. त्या दिवशी तेवढी एकच नोंद. खाली शेरा आहे: ‘साहेबांना वाचून दाखवले. अन्य कोणी गेले नाही.’ आणि त्याखाली सही.

मामा, सही तुझी आहे.

साफसफाई कोण करतं, हे तू सहज विचारलं नव्हतंस.

भाची


रविवार, १६ जून

खटपटे,

सहज विचारलं नव्हतं.

रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं. त्या दिवशी साहेब खाली आले आणि काल-आज आतल्या खोलीत कोण गेलं ते वाच म्हणाले. मी वाचलं. “आणखी कोणी?” “नाही.” बाई तिथेच बादली घेऊन उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, आता साहेब चार शब्द बोलतील, मग शोधतील, मग कुठेतरी सापडेल. ते म्हणाले, “शेरा लिही, सही कर.” मी केली. बाईंनी बादली जिन्याशी ठेवली, किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला आणि गेल्या.

बारा वर्षं ती बाई रोज सकाळी माझा बोर्ड पुसत होती, एकही दोरी न हलवता. तिच्याआधी जो होता त्याने एकदा पुसताना तीन शाखा एकमेकींना जोडून दिल्या होत्या. मला तिच्याबद्दल तसूभर शंका नव्हती. पण निवृत्तीला माझे चार दिवस उरले होते. निरोप व्यवस्थित व्हावा असं वाटलं. मूग गिळून बसलो. निरोप व्यवस्थित झाला. मनगटी घड्याळ मिळालं. मी ते वापरत नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तू त्या इमारतीत रुजू होणार होतीस आणि तिथे मामाची अब्रू तुझ्याआधी पोचली होती.

आता कामाचं ऐक. तू लिहिलंस की साहेब सव्वादोनला परदेशी फोनवरून मोकळे होतात. मी चौतीस वर्षं त्या बोर्डावर होतो. रोज दीड ते सव्वादोन साहेबांच्या लाइनवर एक दिवा कधी पेटला नाही. परदेशी नाही, देशी नाही, गल्लीतला नाही. शेवटची काही वर्षं तर मी तेव्हा निवांत शब्दकोडं सोडवायचो. ते त्या वेळी आतल्या खोलीत जातात आणि दार लावतात, एवढं ठाऊक आहे. आत काय करतात हे विचारण्याची माझी पायरी नव्हती.

तुझी आहे असं नाही. पण दोऱ्या काढायला लाग.

मामा


गुरुवार, २० जून

मामा,

तुझ्यावर रागवायचं ठरवून पत्र दोनदा वाचलं. रागावले आहे. पण आधी हे ऐक, राग कुठे जात नाही.

प्रत्येक मजल्यावर छताला वायफायच्या डब्या आहेत. सोमवारी सव्वाला मी तळमजल्याची डबी बंद केली. एक सदतीसला खातं लॉक. मंगळवारी पहिला मजला. लॉक. मंगळवारीच एका प्रसूतिगृहाची लिफ्ट बंद पडली होती, सुटा भाग आमच्या गोदामात तयार होता, आणि मंजुरी द्यायला साहेबांचं खातं उघडेना. एका बाईला खुर्चीत बसवून चौघांनी तीन मजले वर नेलं. मेकॅनिकने येऊन मला नुसता हात दाखवला. हाताला फोड आले होते. बुधवारी मी दुसऱ्या मजल्यावरची साहेबांच्या केबिनबाहेरची डबी बंद केली. पावणेदोन, दोन, सव्वादोन. खातं उघडं. साहेब खूश झाले आणि लगेच वायफाय चालत नाही म्हणून ओरडले.

म्हणजे टॅब त्यांच्याच केबिनच्या आसपास आहे. मला सेक्रेटरीवर संशय आला, कारण तीच दिवसभर दाराशी बसते आणि दीड ते सव्वादोन कोणालाही आत सोडत नाही. मी तिला सरळ विचारलं. ती इतकी हसली की तिने पदराऐवजी फाइल तोंडावर धरली.

“मी टॅब चोरून रोज दुपारी साहेबांचंच खातं लॉक करीन आणि मग त्यांचा ओरडा मीच खाईन?” मग तिने खुर्ची जवळ ओढली. “आत एक सोफा आहे. बटण दाबलं की पाय वर येतात, पाठ खाली जाते आणि कमरेला मालीश होतं. बिलावर ‘कॉन्फरन्स फर्निचर’ लिहिलंय. रोज दीडला जेवून आत जातात. सव्वादोनला मी दार वाजवते.”

“त्या सोफ्याला फोन चार्ज करायची जागा आहे का?”

“हातापाशी आहे. सोफ्याचा मुख्य खटका लावला की तिथे वीज येते.”

मामा, तुला दिसलं ना? नोव्हेंबरात ते टॅब वायरला लावून वाचत पडले, डोळा लागला, टॅब फटीतून सोफ्याच्या पोटात गेला. वायर तशीच लागलेली. साहेब रोज खटका लावतात, टॅबला वीज मिळते, तो जागा होऊन मेल आणायला धावतो. साहेब उठले की खटका बंद, टॅब पुन्हा गपगार. साहेबांची झोप आणि लॉगिनची चूक एकाच वेळी सुरू होतात. काखेत कळसा म्हणतात, इथे तर साहेब सात महिने कळशावरच झोपले आहेत.

अजून मी हे त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर काय होईल? ते गुपचूप सोफ्यात हात घालतील, टॅब कपाटात ठेवतील आणि ‘मिळाला’ म्हणतील. कुठे मिळाला ते म्हणणार नाहीत. मग किल्लीमावशी जन्मभर ‘ती टॅबवाली’ राहतील. तो चार लोकांसमोर निघायला हवा.

काल संध्याकाळी मी मावशींकडे गेले. बहिणीच्या लॉन्ड्रीत काउंटरवर असतात. मी कोणाची भाची ते सांगितलं. त्या एका शर्टाची घडी घालत होत्या. घडी पूर्ण केली, ठेवली, दुसरा शर्ट घेतला. मग म्हणाल्या, “त्यांचा गुडघा कसा आहे?” एवढंच.

मला एक कल्पना सुचली आहे. ती सांगत नाही.

भाची


सोमवार, २४ जून

खटपटे,

कल्पना सांगत नाहीस म्हणजे ती फ्यूज काढायची आहे. काढू नकोस. सबंध मजला अंधारात जाईल, माणसं जिन्यात ठेचकाळतील आणि सोफा मात्र जागचा हलणार नाही. हात दाखवून अवलक्षण होईल.

जे करशील ते त्यांना विचारून कर, भले त्यांना कळलं नाही तरी चालेल. आणि पावणेदोन ते दोनच्या मधे कर. त्या वेळी हिशेब खात्याची माणसं जेवून वर येतात, आणि त्यांच्यातले जाडे हिशेबनीस दिसेल तो कागद मोठ्याने वाचतात. फार उपयोगी माणूस आहे.

सोबत एक बंद पाकीट आहे, ते बाईंना दे. चार कागद फाडले, हा पाचवा. उघडू नकोस.

मामा


शुक्रवार, २८ जून

मामा,

फ्यूज नव्हता.

बुधवारी मी साहेबांकडे गेले. म्हटलं, “एक चाचणी करायची आहे. उद्या एक दिवस तुमचा जुना पासवर्ड परत लावते. आणि तुमच्या कॅलेंडरमध्ये चाचणीची एक नोंद टाकते, गजरासकट.”

“जुनाच चांगला होता,” ते म्हणाले. “करा काय करायचं ते.” सेक्रेटरी समोर होती. मी परवानगी वहीत लिहून घेतली आणि त्यांनी न वाचता सही केली.

तुझ्या लक्षात आलं का? जुना पासवर्ड चालू झाला की टॅबला दार उघडणार. दार उघडलं की तो मेलबरोबर कॅलेंडरही आणणार. कॅलेंडरमध्ये गजर असला की तो वाजवणार. साहेबांच्या फोनवरचं मेल-कॅलेंडर मी चाचणीपुरतं बंद करून ठेवलं होतं.

काल दीडला साहेब आत गेले. मी लॅपटॉप घेऊन सेक्रेटरीच्या टेबलापाशी बसले. एक छत्तीसला सर्व्हरवर ओळ आली: लॉगिन यशस्वी, टॅब. गजर वाजलाच नाही तर? आवाज बंद असला तर? उद्या परवा माझी मुदत संपणार होती, आणि मी साहेबांच्या कॅलेंडरमध्ये काय लिहिलंय हे नंतर कोणीही वाचू शकलं असतं. गोदामाचा प्रमुख मंजुरीचे कागद घेऊन बाकावर बसला होता. हिशेब खात्याचे चौघे तुझ्या वेळापत्रकाप्रमाणे जिना चढून आले. त्यांना थांबवायला मी जाड्या हिशेबनिसांना त्यांचा नवा पासवर्ड विसरलात का असं विचारलं. ते विसरलेलेच होते.

एक पन्नासला आतून कोंबडा आरवला.

साहेबांनी टॅबला कोंबड्याचा गजर लावला होता, हे मला माहीत नव्हतं. उशीखाली कोंबडा दडपावा तसा तो आवाज होता. पुन्हा आरवला. मग धप्प असं काहीतरी पडलं. मग दार उघडलं आणि साहेब बाहेर आले. पायात नुसते मोजे, टाय पाठीवर, आणि उजव्या गालावर सोफ्याची शिवण उमटलेली.

“आत कोणीतरी आहे,” ते म्हणाले.

“कोंबडा आहे, साहेब,” गोदामप्रमुख म्हणाले. त्यांना अडकलेल्या लिफ्टमधून कायकाय काढायची सवय आहे. ते कोणाला न विचारता आत गेले. आम्ही सगळे मागोमाग. सोफा पाय वर करून कंबर चोळत होता, वर कोणी नसताना. गोदामप्रमुखांनी फटीत कोपरापर्यंत हात घातला. आधी कंगवा निघाला, मग दोन पेनं, मग वायर, आणि वायरीच्या टोकाला टॅब. तो अजून आरवत होता. पडद्यावर मोठ्या अक्षरांत नोंद होती, आणि जाड्या हिशेबनिसांनी ती वाचलीच:

“दुपारी एक पन्नास. किल्लीमावशींची माफी मागणे.”

कोंबडा थांबला.

साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मला थांबवलं. सोफ्याचा खटका बंद केला. मग बसायला दुसरं काही नसल्यामुळे त्याच्यावरच बसले.

“तुम्हाला आधीपासून माहीत होतं?”

“शंका होती.”

“मग मला सरळ सांगायचं.”

“तुम्ही टॅब मिळाला असं म्हणाला असता. कुठे मिळाला हे म्हणाला नसता.”

त्यांनी पाठीवरचा टाय पुढे ओढून सरळ केला. मला वाटलं, झालं, आता खराटे परत येणार. मग म्हणाले, “मी त्या दिवशी शोधलाच नाही. टेबलावर नव्हता म्हणजे चोरीला गेला, असं धरलं. या खोलीत शोधायचं म्हणजे या खोलीचं सांगायला लागलं असतं.”

ते असं काही बोलतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्याजवळ तयार असलेली दोन वाक्यं मी परत गिळली.

आज सूचनाफलकावर त्यांच्या सहीचं पत्र लागलं आहे: टॅब साहेबांच्याच खोलीत, साहेबांच्याच हातून पडून राहिला होता, आरोप चुकीचा होता, बाईंना परत बोलावण्यात येईल. सोफ्याचा उल्लेख नाही. गरजही नाही, कारण सकाळपासून दहा जण तो बघून गेले. मी टॅबमधला जुना पासवर्ड पुसून टाकला. आज खातं दिवसभर उघडं होतं. तीन लिफ्टची मंजुरी पावणेतीनच्या आत गेली.

माझी नोकरी पक्की झाली. कागद देताना साहेब म्हणाले, “पुढची चाचणी सांगून करा.” मी म्हटलं, “ही पण सांगूनच केली होती.”

तुझं पाकीट मावशींना दिलं. माझ्यासमोर उघडलं नाही.

भाची

ता. क. अजून रागावले आहे. पण कमी.


रविवार, ७ जुलै

बोर्डवाले भाऊ,

माझे हात ओले आहेत म्हणून तुमची भाची लिहून घेते आहे. शब्द माझे आहेत. तिने मधे एक-दोन वाक्यं गोड करून बघितली, ती मी खोडायला लावली.

तुमचं पाकीट वाचलं. दोनदा वाचलं. त्यात तुम्ही लिहिता की रजिस्टरात जे होतं तेच मी वाचलं, हा माझा गुन्हा. तसं नाही, भाऊ. वाचलंत ते बरोबर वाचलंत. मी आठ वाजता गेले होते, दुसरं कोणी गेलं नव्हतं. पण साहेब ‘आणखी कोणी?’ म्हणाले तेव्हा ‘नाही’च्या पुढे तीन शब्द होते. ‘ही तशी नाही.’ मी बादली धरून त्या तीन शब्दांची वाट बघत उभी होते. तेवढंच माझं तुमच्याकडे मागणं होतं.

बहिणीच्या नवऱ्याने सात महिने मला गल्ल्याला हात लावू दिला नाही. तोंडाने काही बोलला नाही, पण गल्ल्याची चावी खिशात घेऊन जेवायला जायचा. फलकावरच्या पत्राची नक्कल तुमच्या भाचीने आणून दिली, ती मी गल्ल्याच्या वरच चिकटवली आहे. परवापासून चावी काउंटरवर असते.

आता साहेबांचं. ते शुक्रवारी संध्याकाळी लॉन्ड्रीत आले. गर्दीची वेळ होती. सरळ काउंटरशी आले आणि मला जरा बाजूला या म्हणाले. मी म्हटलं, टोकन घ्या. ते म्हणाले, कपडे द्यायचे नाहीत. मी म्हटलं, रांग कपड्यांची नाही, माणसांची आहे. मग त्यांनी टोकन घेतलं. त्यांचा तेविसावा नंबर होता आणि माझा बारावा चालू होता. ते बाकावर बसले. शेजारच्या बाईने त्यांना आपलं गाठोडं धरायला दिलं, ते त्यांनी धरलं. रिकाम्या हाताने बसायला बरं वाटेना म्हणून असेल, त्यांनी अंगातला कोट काढून मांडीवर ठेवला.

तेविसावा नंबर आला. कोट काउंटरवर ठेवून ते हळूच म्हणाले, “मी चुकलो.” मोठं मशीन चालू होतं. मी म्हटलं, ऐकू आलं नाही, मोठ्याने बोला. त्यांनी श्वास घेतला आणि मोठ्याने म्हणाले, “मी चुकलो, बाई. तुम्ही टॅब घेतला नव्हता.” नेमकं तेव्हाच मशीन थांबलं. लॉन्ड्रीतल्या झाडून सगळ्यांनी ऐकलं, रस्त्यावरून जाणारा एक जण पण थांबला. मशीन मी थांबवलं नव्हतं. त्याची वेळ झाली होती. तुमची भाची हसते आहे, पण हे खरं आहे.

मी कोटाची पावती फाडली आणि सोमवारी न्या म्हटलं.

पंधरा तारखेपासून मी सकाळचे दोन तास ऑफिसात जाणार आहे. किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे राहील आणि रजिस्टर मीच लिहीन, असं सांगितलं, ते त्यांनी मान्य केलं. आतली खोली मी झाडणार नाही. ती त्यांची त्यांनी झाडायची.

राहिलं तुमचं. पत्रातली माफी मी घेत नाही. ठेवून घेतलीय, पण घेतलेली नाही. साहेब इतक्या दूर चालत आले, तर तुम्हालाही गाडीत बसून येता येईल, गुडघा काय म्हणायचा तो म्हणू दे. रविवारी दुपारनंतर गर्दी नसते. या. तुम्हालाही टोकन घ्यावं लागेल, पण मशीन मी बंद ठेवीन.

किल्लीवाली